आवाजाच्या सव्वीस गाठी

मुकादमानं घड्याळ आधी कानाशी नेलं, ते चालू आहे याची खात्री करून घेतली, आणि दोघींच्या पाठीमागं उभा राहून म्हणाला, "हं, घ्या नवी ओळ."

दोघी म्हणजे दोघी जावा. एका घरात राहायच्या, एका फळीवर बसून एकच गालिचा विणायच्या. कारखान्यात त्यांना कोणी नावानं हाक मारत नसे; थोरली आणि धाकटी, एवढंच. थोरली अठ्ठावन्न वर्षांची, त्यातली एकतीस मागावर गेलेली. धाकटी छत्तिशीची. तिच्या बोटांना गाठ मारायला शिकवलं ते थोरलीनंच, ती या घरात आली त्याच्या तिसऱ्या महिन्यात.

समोर छतापर्यंत ताणलेला उभा माग. खालच्या अंगाला गालिचा निम्म्याहून अधिक विणून झालेला. एका ओळीत तीनशे गाठी, दीडशे थोरलीच्या, दीडशे धाकटीच्या, आणि मधोमध ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्याला, बांधलेला एक लाल धागा. ही कारखान्याची जुनी रीत होती. माग लावला की मध्यावर लाल धागा बांधायचा. जिचं अर्धं तिनं भरायचं, धाग्यापलीकडं हात न्यायचा नाही. दोघींचं भरून झालं की आडवा धागा घालायचा, फणीनं ठोकायचा, मगच पुढची ओळ. जिचं आधी संपेल तिनं हात मांडीवर ठेवून वाट बघायची.

थोरली रंग म्हणू लागली. नक्षी आरशातल्यासारखी होती, दोन्ही काठांपासून मध्यापर्यंत सारखीच; म्हणून एकीच्या तोंडून निघालेले रंग दोघींच्या हातांना पुरत.

"दोन लाल, एक निळी, तीन पुढं पांढऱ्या,
चार घाल मातकट, पाच पानी हिरव्या..."

धाकटीची बोटं त्या आवाजावर चालत, जसं पाटातून पाणी चालतं. वर टांगलेल्या नक्षीच्या नकाशाकडं तिनं कित्येक महिन्यांत मान वर करून पाहिलं नव्हतं. थोरली आधी म्हणायची, मग स्वतःची गाठ मारायची.

"आठ मिनिटं," मुकादम धाकटीच्या खांद्याशी म्हणाला. तिचे हात मांडीवर आले होते.

थोरलीचे चालूच होते. धाकटी लाल धाग्याकडं बघत बसली. मग मुकादम म्हणाला, "बारा."

कानावरची पेन्सिल काढून त्यानं वहीत लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं बोलला, कारण तो लपवून काही करणारा माणूस नव्हता. "आठाला बारा. चार जास्त. आठाचे निम्मे चार. थोरल्या बाई, तुम्ही पन्नास टक्के मागे पडलात."

दाराशी पाटी होती, सगळ्यांना पाठ असलेली. जोडीदारापेक्षा ज्याचे काम शेकडा चाळीसहून जास्त कमी, त्यास मागावर बसवू नये.

"परवापासून तुम्ही लोकरीच्या खोलीत," मुकादम म्हणाला. "इथं मी दुसरी कोणी बसवतो. माझाही इलाज नाही. तेरा दिवसांत हा गालिचा खाली उतरायला हवा."

थोरली म्हणाली, "ही ओळ ठोकून घेऊ का?"

लोकरीची खोली अंगणापलीकडं होती. तिथं लोकरीचे गुंडे वळायचे. काम काही वाईट नव्हतं, खिडकीत ऊनही छान यायचं. पण तिकडं गेलेली बाई पुन्हा मागावर येऊन बसली असं एकदाही घडलं नव्हतं, आणि थोरलीला हे कोणी सांगायची गरज नव्हती. हातच्या कांकणाला आरसा कशाला.

जेवणाच्या सुट्टीत धाकटी जेवली नाही. तिच्या डोक्यात आठ आणि बारा भांडत होते. ती यंदा दहावीच्या परीक्षेला बाहेरून बसणार होती. सोळाव्या वर्षी सुटलेली शाळा छत्तिसाव्या वर्षी पुरी करायची असा तिचा हट्ट. भाषा तिला सोपी जायची. गणितात शेकडेवारीशी आणि काळ-काम-वेगाशी तिचं सहा महिने वैर होतं, आणि वैऱ्याला माणूस नीट ओळखतं. तिनं खडू घेतला आणि मागाच्या तुळईवर आकडे मांडले. मांडून झाल्यावर मुकादमाला बोलावून आणलं.

"पाटीवर काय लिहिलंय, काम की वेळ?"

मुकादमानं पाटीकडं पाहिलं, जणू रातोरात ती बदलली असेल. "काम."

"आणि सकाळी तुम्ही मोजलंत काय?"

"वेळ. पण बाई, ते एकच ना?"

"चोवीस मिनिटं धरा. चोवीस मिनिटांत माझ्या बाजूचं तीनदा भरून होतं, जाऊबाईंच्या बाजूचं दोनदा. तिनाला दोन. एक कमी, तो तिनातला एक. म्हणजे तेहतीस टक्के आणि वर थोडं. वेळ त्यांना पन्नास टक्के जास्त लागतो, पण काम तेहतीस टक्केच कमी होतं. चाळीसच्या आत."

"एकच बाई एकदा पन्नास आणि एकदा तेहतीस?"

"कुणाच्या अंगणात उभं राहून बघता त्यावर आहे. आठाच्या अंगणातून चार म्हणजे निम्मे. बाराच्या अंगणातून तेच चार म्हणजे तिसरा वाटा."

मुकादम तुळईपाशी वाकला. त्यानं तो हिशोब एकदा वरून खाली केला, एकदा खालून वर केला. मग वही काढून पन्नास खोडलं. रेघ सरळ आली नाही म्हणून पुन्हा एकदा खोडलं.

"चूक माझी," तो म्हणाला. "पण गालिच्याला टक्के कळत नाहीत हो. आज संध्याकाळी सहाशे ओळी उरतील. ओळीला बारा मिनिटं, दिवसाचे आठ तास, म्हणजे चाळीस ओळी. पंधरा दिवस झाले. माझ्याकडं आहेत तेरा. पाटीतून सुटलात तरी तारखेतून कशा सुटाल?"

"उद्या संध्याकाळपर्यंत वेळ द्या," धाकटी म्हणाली.

"दिला," तो म्हणाला, आणि निघून गेला. थोरली तिकडं अंगणातल्या नळावर हात धूत होती. एवढा वेळ हात धूत कोणी बसत नाही.

संध्याकाळी स्वयंपाकघरात थोरली शेंगा सोलत होती आणि धाकटी पुस्तक उघडून बसली होती. दोघींच्या मधे दाण्यांचं पातेलं.

"मोठ्यानं वाच," थोरली म्हणाली. "मनात वाचलं की तुला झोप येते."

"अ एक काम वीस दिवसांत करतो. ब तेच काम तीस दिवसांत करतो. तर दोघे मिळून ते काम किती दिवसांत करतील?"

"हे अ आणि ब कुठले कोण?"

"असंच. कोणीही."

"आडनाव नाही, घर नाही. भांडत नाहीत?"

"नाही."

"ब आजारी पडत नाही?"

"पुस्तकात नाही पडत कोणी आजारी."

"मग काय, करतील बिचारे लवकर," थोरली म्हणाली आणि एक किडका दाणा बाजूला टाकला.

धाकटीला हसू आलं, आणि हसताहसता ती थांबली. वीस आणि तीस. तिनं कागद ओढला. पुरी ओळ तिनं एकटीनं भरली असती तर सोळा मिनिटं. सहाशे ओळींना बरोबर वीस दिवस. थोरलीला एकटीला चोवीस मिनिटं; तीस दिवस. अ आणि ब याच तर घरात बसले होते, शेंगा सोलत.

"माझं एका दिवसाचं काम विसावा भाग," ती पुटपुटली. "तुमचं तिसावा. मिळून साठातले पाच, म्हणजे बारावा भाग. बारा दिवस, जाऊबाई. पुस्तक बारा म्हणतंय."

"माग पंधरा म्हणतोय."

"तेच तर. मधले तीन दिवस गेले कुठं?"

थोरलीनं शेंगेचं साल बोटांत फिरवलं. तिला गणित येत नव्हतं, पण मागाशेजारी एकतीस वर्षं बसून जे येतं ते येत होतं.

"मांडीवर," ती म्हणाली.

"काय?"

"तुझं संपलं की तू हात मांडीवर ठेवून बसतेस. ओळीला चार मिनिटं. तिथं गेले तुझे दिवस."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. लाल धागा. दीडशे आणि दीडशे. पुस्तकातले अ आणि ब कधी थांबत नव्हते, कारण त्यांच्यामध्ये कोणी धागा बांधलेला नव्हता. धागा सरकवायचा, बस. ती तीन वाटे करते तेवढ्यात थोरली दोन करते. म्हणजे तीनशेतल्या एकशे ऐंशी हिच्या, एकशे वीस तिच्या. दोघींचं एकाच वेळी संपणार, दहा मिनिटांच्याही आत. दिवसाला पन्नास ओळी. बारा दिवस.

तिनं हे सांगितलं तेव्हा तिचा चेहरा दिव्यासारखा झाला होता. थोरलीचा झाला नाही.

"नाही," ती म्हणाली.

"अहो, पण..."

"अर्धं ते अर्धं. एकतीस वर्षं मी अर्धं भरलंय. अंगात ताप असताना अर्धं भरलंय, घरात भावाभावांचं भांडण झालं तेव्हा डोळे पुसत अर्धं भरलंय. उद्या एकशे वीस भरले की परवा कोणी म्हणेल शंभर भरा. मग लोकरीच्या खोलीत मी पायानं जायची गरजच नाही, तुमचा धागाच मला ढकलत नेईल." तिनं पातेलं उचललं. "माझ्या वाटणीचं काम कोणी दया म्हणून करायचं नाही. तू तर नाहीच."

धाकटीनं पुस्तक मिटलं. तिला राग आला, आणि रागातच तिनं ठरवलं.

सकाळी ती थोरलीच्या आधी घरातून निघाली. कारखान्यात झाडलोट चालली होती. तिनं फळीवर चढून लाल धागा सोडला, काठापासून एकशे ऐंशी ताणे मोजले, दोनदा मोजले, आणि तिथं बांधला. आपण बरोबर करतो आहोत याची तिला इतकी खात्री होती की विचारायचं राहून गेलं याची टोचणीही लागली नाही. हिशोब चोख होता. चोख हिशोबाला परवानगी कशाला लागते?

थोरली आली. तिनं धागा पाहिला. पदर खोचला, फळीवर बसली, लोकर हातात घेतली. धाकटी तिच्या आवाजाची वाट बघत होती. पलीकडच्या मागांवरून रंग ऐकू येऊ लागले, कोणाचे घाईचे, कोणाचे रेंगाळलेले. या मागावर काहीच आलं नाही. थोरलीचे हात चालू झाले होते आणि तोंड मिटलेलं होतं.

आधी धाकटीला वाटलं, घसा बसला असेल. मग थोरली शेजारच्या मागावरच्या बाईला म्हणाली, "कात्री दे गं जरा," चांगल्या खणखणीत आवाजात, आणि धाकटीला कळलं.

तिनं मान वर करून नकाशाकडं पाहिलं. चौकोन, चौकोन, चौकोन. दोन लाल बांधल्या, वर पाहिलं. एक निळी बांधली, वर पाहिलं. पांढऱ्या तीन की चार? पुन्हा वर. खाली येईपर्यंत कोणत्या ताण्यावर होतो ते हरवलं. दोन गाठी चुकल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. चौदा वर्षं जिच्या बोटांनी रंगाची वाट पाहिली नव्हती, तिला आज प्रत्येक रंग वरून आणावा लागत होता, विहिरीतून पाणी ओढावं तसा. मानेला कळ लागली.

आणि तिच्या एकशे ऐंशी गाठी पुऱ्या व्हायच्या कितीतरी आधी, नऊ मिनिटांच्याही आत, थोरलीच्या एकशे वीस भरून झाल्या. तिचे हात मांडीवर येऊन थांबले. ती समोर बघत बसली. ते हात धाकटीनं मागावर असताना कधी रिकामे पाहिले नव्हते. मोठे, सांधे सुजलेले, आता नुसतेच ठेवलेले. त्यांच्याकडं बघण्यातही तिचा वेळ गेला.

ओळीला बारा मिनिटं लागली. पुढच्या ओळीलाही बारा. दुपारी बारा, उन्हं कलल्यावर बारा. संध्याकाळी मुकादम आला, त्यानं ओळी मोजल्या आणि पेन्सिल कानावरून काढायचंच विसरला.

"चाळीस," तो म्हणाला. "धागा हलवलेला दिसतोय. तरी चाळीसच?"

थोरली उठून लोकरीचे तुकडे गोळा करायला लागली. ती काही बोलली असती तर धाकटीला सोपं गेलं असतं. एखादा टोमणाही चालला असता.

धाकटी फळीवरच बसून राहिली. तिनं दिवसभर मोजलं होतं, कारण आता मोजल्याशिवाय तिला राहवत नव्हतं. एकशे ऐंशी गाठींना बारा मिनिटं, म्हणजे दीडशेला दहा. थोरलीला, न बोलता, दीडशेला अकरा. काल आठ आणि बारा होते.

"मुकादम," ती म्हणाली, "कालचा माझा हिशोब चुकला."

"तेहतीस नव्हतं?"

"तेहतीस बरोबर होतं. आठ चूक होते. आठ मिनिटं माझी नव्हतीच. दहातली दोन जाऊबाई वाचवत होत्या." तिला शब्द जुळवायला वेळ लागला. मुकादम थांबला; घाई करणारा माणूस तो नव्हता, घाई त्याच्या वहीला असायची. "मी पुस्तकातल्यासारखं मांडलं, एकटी मी वीस दिवसांत, एकट्या त्या तीस दिवसांत. पण तुम्ही घड्याळ लावलंत तेव्हा मी एकटी कुठं होते? रंग त्या सांगत होत्या. मी नुसते हात चालवत होते. आणि त्यांच्या बारा मिनिटांत एक मिनिट बोलण्याचं होतं. आज मी खरी एकटी बसले. दहा लागतात मला. त्यांना अकरा."

"मग आता थोरल्या बाई किती टक्के मागे?"

"गप्प असल्या तर नऊ. बोलल्या तर तेहतीस."

मुकादमानं बराच विचार केला. "मग बोलू नये त्यांनी."

"बोलतात तेव्हा त्यांचं एक मिनिट जातं आणि माझी दोन वाचतात. गप्प बसल्या तर त्यांचे टक्के सुधारतील आणि तुमचा गालिचा हुकेल. मी करून पाहिलंय, धागा कुठंही बांधा, उरलेल्या बारा दिवसांत बसत नाही. थोडक्यात हुकतो. बोलल्या तर बसतो."

"पाटीवर आवाजाचं काही लिहिलेलं नाही."

"नाही."

तो पाटीपर्यंत चालत गेला, ती त्यानं पुन्हा वाचली आणि परत आला. "जितकं मागे पडतील तितका उपयोग जास्त, असला टक्का मी आजवर पाहिला नव्हता," तो म्हणाला. "गालिचा खाली येईपर्यंत दोघी बसा. पुढचं पुढं बघू." आणि कुलपाच्या किल्ल्या वाजवत निघून गेला.

मागांची खोली रिकामी झाली. थोरली तुकड्यांची टोपली बाजूला ठेवून उभी होती.

"मी विचारायला हवं होतं," धाकटी म्हणाली.

"हवं होतं."

धाकटी अजून काही तरी येईल म्हणून थांबली. आलं नाही. तेवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं. ती फळीवर उभी राहिली आणि लाल धाग्याची गाठ सोडायला लागली. दीडशेवर परत न्यायचा, मग जे होईल ते होईल.

"थांब," थोरली म्हणाली. "आधी मला एक सांग. तुझ्या त्या मांडणीत माझं तोंड कुठं बसतं? हात मी पाहिले. हातांचे आकडे झाले. तोंडाचं काय?"

धाकटीनं धागा बोटाला गुंडाळला. ही बेरीज पुस्तकात नव्हती. अ आणि ब एकमेकांशी कधी बोललेच नव्हते.

"तुम्ही म्हणता म्हणून माझं दीडशेचं काम दहाऐवजी आठ मिनिटांत होतं," ती सावकाश म्हणाली. "म्हणजे मधोमध ओलांडून मी ज्या जास्तीच्या गाठी बांधणार, त्या तुमच्या वाटणीच्या मी उचलल्या असं नाहीच ते. बोटं माझी असतील. बांधणार तुमचा आवाज."

"कालच असं का नाही सांगितलंस?"

"काल मलाच माहीत नव्हतं."

थोरली मागाजवळ आली. तिनं धाकटीच्या बोटावरचा धागा उलगडून घेतला आणि ताण्यावर हात फिरवत नेला, आंधळ्या माणसानं चेहरा चाचपावा तसा.

"एकशे ऐंशी कोणी सांगितलं?"

"हिशोबानं येतं तसं."

"हिशोबाला फूल दिसत नाही. एकशे ऐंशीवर पाकळी मधोमध कापली जाते. अर्धी पाकळी तुझ्या हातची, अर्धी माझ्या. तू गाठ ओढून घट्ट करतेस, मी सैल ठेवते. धुतल्यावर ती पाकळी सुरकुतेल, आणि बघणारा विचारेल हे काय." तिचं बोट थांबलं. "इथं पाकळी संपते. मोज."

धाकटीनं मोजलं. "एकशे शहात्तर."

"मग एकशे शहात्तर."

"तुमच्या एकशे चोवीस होतील. दहा मिनिटं लागतील ओळीला. दिवसाला पन्नास नाही, अठ्ठेचाळीसच होतील."

"पुरतात?"

धाकटीनं मनात केलं. पाचशे साठ ओळी, अठ्ठेचाळीस. "पुरतात. शेवटच्या दिवशी दुपारपर्यंत."

"मग पाकळी कशाला कापायची," थोरली म्हणाली, आणि तिनं स्वतःच्या हातानं धागा बांधला. दातांनी टोक तोडलं. मध्यापासून तिथपर्यंतच्या सव्वीस ताण्यांवर तिनं एकदा बोटं फिरवली. "सव्वीस," ती म्हणाली. "एकतीस वर्षं फुकट म्हणत होते मी."

दुसऱ्या दिवशी पहिली ओळ घेताना एक नवी अडचण आली, जी कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. नक्षी आरशातली, मध्यापर्यंत एका म्हणण्यात दोघींचं भागत होतं, पण मध्य ओलांडल्यावर धाकटीला तेच रंग उलट्या क्रमानं हवे होते. थोरली थबकली. तिनं डोळे मिटले, ओठ हलवले, आणि मग म्हणायला लागली, आधी अडखळत, मग चाल सापडल्यावर सरळ:

"मध्यावर आली ओळ, आता मागं फिरू दे,
हिरव्याची पांढरी, पांढरीची निळी होऊ दे..."

"हे नकाशात नाही," धाकटी म्हणाली.

"तू गाठी मार. नकाशा मला शिकवू नकोस."

अकरा दिवस तसे गेले. एके दिवशी थोरलीचा घसा खरंच बसला आणि सेहेचाळीसच ओळी झाल्या. त्या दिवशी धाकटीनं शेजारच्या तीन मागांवर जाऊन त्यांना हळू म्हणायला सांगितलं, म्हणजे थोरलीला ओरडावं लागणार नाही, आणि त्यांनी ते थोडी कुरकुर करून मानलं. शेवटच्या दिवशी चौतीस ओळी उरल्या होत्या. दुपारचा चहा फिरायच्या जरा आधी शेवटची ओळ ठोकली गेली. मग ताणे कापले आणि गालिचा जड आवाज करत खाली आला. चार माणसांनी तो अंगणात नेऊन पसरला. मुकादम चारही बाजूंनी फिरला, गुडघ्यावर बसला, पाकळीवरून अंगठा फिरवला, आणि उठला.

थोरली आत रिकाम्या मागासमोर बसली होती. धाकटीला बाहेर जाऊन गालिचा बघायचा होता, पण ती गेली नाही. पुढचं पुढं बघू असं मुकादम म्हणाला होता, आणि ते पुढचं आता दारातून आत येत होतं. त्याच्या हातात कागदाची मोठी गुंडाळी होती.

नवा नकाशा नेहमी धाकटीच्या वयाच्या बायकांच्या हातात पडे. त्यांचे डोळे चांगले. सवयीनं तिचा हात पुढं झाला. मुकादम तिच्यासमोरून पुढं गेला आणि त्यानं गुंडाळी थोरलीपुढं धरली.

"थोरल्या बाई, यावेळी नक्षी सोपी नाही," तो म्हणाला. "दोन्ही बाजू वेगवेगळ्या आहेत. म्हणायला जमेल का, ते आधी बघून सांगा. मग माग लावू."

थोरलीनं कागद उघडला, हात लांब करून खिडकीच्या उजेडाकडं धरला. डोळे बारीक केले. एका बाजूला वेल होता, दुसऱ्या बाजूला पाणी.

"दोन चाली लागतील," ती बऱ्याच वेळानं म्हणाली. "एक हिच्यासाठी, एक माझ्यासाठी."

"वेळ किती लागेल?"

"म्हणून तर बघू दे आधी."

मुकादमानं घड्याळासाठी खिशाकडं नेलेला हात तसाच खाली घेतला. कागद पुन्हा गुंडाळी होऊ बघत होता. धाकटीनं त्याचं दुसरं टोक धरलं, आणि थोरली अगदी हळू, स्वतःशीच म्हणाल्यासारखी, पाण्याच्या बाजूनं सुरुवात करून पहिली ओळ म्हणू लागली.